घरची साक्ष : कादंबरी, कुटुंब आणि मराठी समीक्षेची एक सवय

१

‘अमुक यांचे जीवन आणि वाङ्मय : एक अभ्यास’ या साच्याचे प्रबंध मराठी विभागांतून वर्षानुवर्षे सिद्ध होत आले आहेत आणि त्यांची मांडणी न वाचताही सांगता येते. पहिल्या प्रकरणात लेखकाचे घराणे, जन्म, आईवडील, विवाह, अपत्ये, दुसऱ्यात ‘जडणघडण’, तिसऱ्यापासून कादंबऱ्यांची कथानके, आणि उपसंहारात असा निष्कर्ष, की पहिल्या प्रकरणात जे होते तेच पुढे ‘कलात्मक पातळीवर’ अवतरले आहे. वडील कडक होते म्हणून कादंबरीतील वडील कडक. आई लवकर गेली म्हणून नायक पोरका. संसार सुखाचा नव्हता म्हणून नायिका घर सोडते. कादंबरीवरून घर ओळखायचे आणि घरावरून कादंबरी सिद्ध करायची, असा हा चक्रकदोष आहे. त्याला संशोधन म्हटले जाते आणि त्यावर पदवीही मिळते.

ही पद्धत केवळ कंटाळवाणी असती तर तिच्याविषयी वाद घालण्याचे कारण नव्हते. परंतु तिने मराठी कादंबरीच्या वाचनात एक अन्याय रूढ केला आहे, आणि त्याची झळ सर्व लेखकांना सारखी बसलेली नाही. शिवाय ज्या प्रश्नाचे उत्तर देत असल्याचा ती आव आणते तो प्रश्न तिने कधी विचारलेलाच नाही. कादंबरीकाराच्या कुटुंबजीवनाचा त्याच्या कादंबरीशी संबंध असतो, याविषयी दुमत नसावे. तो संबंध कोणत्या पातळीवर असतो, हा खरा प्रश्न आहे.

कुटुंब कादंबरीकाराला माणसे आणि प्रसंग पुरवते, हे खरे असले तरी दुय्यम आहे. माणसे आणि प्रसंग शेजारीही पुरवतात, वर्तमानपत्रेही पुरवतात. कुटुंब जे पुरवते आणि दुसरे कोणी पुरवू शकत नाही, ते म्हणजे सांगण्याची जागा. घरात कोणाला बोलण्याचा अधिकार होता, कोणाचे बोलणे दाराआडून ऐकावे लागे, कोणती गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही कोणी उच्चारत नसे, घरातले दिवस कशाने मोजले जात, या गोष्टी माणूस लेखक होण्याच्या कितीतरी आधी शिकलेला असतो. निवेदक कोण, श्रोता कोण, काय सांगायचे आणि काय गाळायचे, हे कादंबरीचे मूलभूत निर्णय या शिक्षणातून येतात. म्हणून कुटुंबाचा ठसा आशयद्रव्यात शोधण्याआधी रूपबंधात शोधला पाहिजे.

या भूमिकेची कसोटी अखेर अशा ठिकाणी लागेल, जेथील कुटुंबासाठी मराठी समीक्षेजवळ अद्याप नावही नाही. दहिसरच्या पलीकडे, मुंबईच्या उत्तर सीमेला लागून वाढलेले मीरा-भाईंदर हे असे एक ठिकाण होय. तेथे पोहोचण्यासाठी मात्र मराठी कादंबरीच्या आरंभापासून निघावे लागते. कारण त्या वस्तीतील कुटुंब ज्या स्वप्नातून जन्मले, ते स्वप्न मराठी कादंबरीने फार पूर्वीच पाहिले होते.

२

बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि १८५७ मध्ये त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. हिंदू विधवांची दुःस्थिती हा त्याचा विषय, आणि धर्मप्रसार हा त्याचा हेतू, एवढे प्रत्येक वाङ्मयेतिहासात नोंदलेले असते. नोंदले जात नाही ते त्याचे रूप. ही घराविषयीची कादंबरी असून ती घरात घडत नाही. यमुना आपल्या पतीसह फिरते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती तिच्या दृष्टीस व कानी पडतात. घरामागून घर येते, पण निवेदन कोणत्याही घरात वस्तीला राहत नाही. त्या काळी धर्मांतर केलेल्या माणसाला स्वतःच्या घराचा उंबरा परका होत असे. अशा माणसाला हिंदू घर दिसणार ते वाटेवरून. आणि ‘पर्यटन’ हा रूपबंध म्हणजे वाटेवरून घर पाहण्याचीच रीत आहे. या कादंबरीतील कोणती विधवा पदमनजींच्या नात्यात होती, याचा शोध घेऊन यातले काहीही हाती लागत नाही.

याच्या उलट टोकाला हरि नारायण आपटे आहेत. १८६४ मध्ये खानदेशात पारोळे येथे जन्मलेले, बालपणीच आईला अंतरलेले हरिभाऊ पुण्यात काका महादेव चिमणाजी आपटे यांच्या एकत्र कुटुंबात वाढले. काकांनी १८८८ मध्ये आनंदाश्रम स्थापला आणि त्यांच्या पश्चात त्याची व्यवस्था हरिभाऊंनी पाहिली. म्हणजे हा लेखक एकत्र कुटुंबात वाढलाच, आणि पुढेही त्या घराने उभारलेल्या संस्थेचा भार वाहत राहिला. १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या कादंबरीत त्यांनी यमूला स्वतःची कथा स्वतः सांगू दिली. तिशीही न गाठलेल्या पुरुषाने विधवेच्या मुखाने प्रथमपुरुषी निवेदन करणे, हा मराठी कादंबरीतील केवढा मोठा रूपनिर्णय! त्याचे स्पष्टीकरण मात्र ‘हरिभाऊंनी एकत्र कुटुंब जवळून पाहिले होते’ या एका वाक्यात आटोपते. एकत्र कुटुंब त्या काळी पुण्यातील हजारो पुरुषांनी जवळून पाहिले होते. त्यांपैकी कोणाला यमूचा आवाज का सापडला नाही?

उत्तर घरातील जागेत आहे. काकांच्या घरात वाढणारा आईविना पोरगा घरातलाच असतो, पण घर त्याचे नसते. तो पंक्तीला असतो, निर्णयाला नसतो. घरात काय चालले आहे हे त्याला कळते ते बहुधा दुसऱ्यांच्या बोलण्यातून. नव्याने घरात आलेल्या सुनेची जागा याहून फारशी वेगळी नसते. यमूचे निवेदन त्याच जागेवरून चालते. तिला गोष्टी सांगितल्या जात नाहीत; त्या तिच्या कानावर येतात. तिच्याविषयीचे निर्णय तिच्या माघारी होतात आणि तिला त्यांचा उलगडा उशिरा होतो. या उशिराने कळण्यातूनच कादंबरीचा काळ आणि तिची यातना सिद्ध झाली आहे. हरिभाऊंनी यमूला स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग दिले की नाही, हे गौण आहे. त्यांनी तिला स्वतःची जागा दिली, असे मात्र कादंबरीचा घाट सांगतो.

आणखी एक गोष्ट. यमूच्या आयुष्यातील सुखाचा काळ मुंबईत जातो. रघुनाथराव तिला पुण्याच्या घरातून तेथे नेतात, वेगळे बिऱ्हाड होते, वाचन होते, समविचारी मित्रकुटुंबांचा सहवास मिळतो. आणि पतीच्या निधनानंतर पुण्याचे घर तिला परत ओढून घेते आणि तिचे केशवपन करते. पुणे म्हणजे घर आणि मुंबई म्हणजे बिऱ्हाड, आणि माणसाला मोकळा श्वास मिळतो तो बिऱ्हाडात, असा नकाशा मराठी कादंबरीने येथे प्रथम ठळकपणे आखला. दोघांचे, स्वतःचे, वडीलधाऱ्यांच्या नजरेपलीकडचे बिऱ्हाड हे पुढे शतकभर मराठी मध्यमवर्गाचे स्वप्न राहिले. त्या स्वप्नाचे पुढे काय झाले, हे पाहण्यापूर्वी समीक्षेच्या सवयीने केलेला अन्याय पाहणे अवश्य आहे.

३

१९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आणि १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्रात पुस्तकांहून अधिक चर्चा लेखिकेची झाली. ही बाई कोण? कोणाची मुलगी? हे तिला कसे ठाऊक? मिळवत्या, शिकलेल्या, अविवाहित मुलींची कुचंबणा हा कथांचा विषय. पतीने टाकलेल्या स्त्रीला प्रेमाचा आणि मातृत्वाचा हक्क आहे की नाही, हा कादंबरीचा प्रश्न. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी विचारणारीचा पत्ता शोधण्यात आला. त्या टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या हे उघड झाल्यावर समीक्षेचे समाधान झाले; जणू नाव कळले म्हणजे पुस्तक कळले.

मालतीबाईंच्या पुढील लेखनाने या समाधानाचा पाया काढून घेतला होता, पण तिकडे लक्ष कोण देतो? १९५० मध्ये त्यांची ‘बळी’ आली. ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडणाऱ्या वसाहतीची ही कादंबरी, आणि तिच्यामागे सोलापूरच्या अशा वसाहतीतील त्यांच्या नोकरीचा अनुभव होता. म्हणजे ‘स्वतःच्या दुःखाचे निःश्वास’ टाकणारी म्हणून ओळखली गेलेली लेखिका आपल्या घराशी, जातीशी, वर्गाशी काहीही संबंध नसलेल्या माणसांविषयी लिहू शकत होती. पुढे १९५३ मध्ये त्यांनी ‘खरेमास्तर’ लिहिले; त्यात आपल्या वडिलांचे जीवन त्यांनी उघडपणे, त्यांच्याच आडनावाने मांडले. ज्या लेखिकेला घराविषयी लिहायचे असते तेव्हा ती घराचे नाव लिहू शकते, तिने नाव न लिहिता जे लिहिले तेही घराचेच आहे असे गृहीत धरण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला?

आता दुसरे उदाहरण. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. लेखक पंचविशीतला, खानदेशातील सांगवीचा. नायक पांडुरंग सांगवीकर, पंचविशीतला, खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला. वडिलांशी पैशावरून आणि अधिकारावरून चाललेला झगडा, बहीण मनीचा मृत्यू, शिक्षण सोडून गावी परतणे, ही सगळी सामग्री कौटुंबिक आहे. या कादंबरीतही आत्मचरित्राचे अंश पाहिले गेले. पण चर्चा तेथे थांबली नाही. अस्तित्ववाद, परात्मता, पिढ्यांमधील संघर्ष, उच्चशिक्षणातील पोकळपणा, भाषाशैलीतील बंड, अशा कितीतरी दिशांनी ती गेली. आणि ते योग्यच झाले. पांडुरंगाचे वडील ‘व्यवस्था’ झाले. परंतु ‘हिंदोळ्यावर’च्या नायिकेचा पती ‘व्यवस्था’ व्हायला किती दशके लागली? पुरुषाच्या कादंबरीतील घर म्हणजे समाज, आणि स्त्रीच्या कादंबरीतील घर म्हणजे घरच. पुरुषाचे कुटुंब हा अनुभव, आणि स्त्रीचे कुटुंब हा कबुलीजबाब. अशी ही दुहेरी मापे आहेत. ‘मर्यादित अनुभवविश्व’ हा शेरा मराठी लेखिकांच्या वाट्याला जितक्या सहजतेने आला, तितका ज्यांच्या कादंबऱ्या घर, कचेरी आणि मित्रमंडळ यांपलीकडे जात नाहीत अशा लेखकांच्या वाट्याला आला नाही.

४

जीवनावरून वाङ्मय सिद्ध करणाऱ्या पद्धतीची शास्त्रीय तपासणी करायची असेल तर एकाच घरातले दोन कादंबरीकार घ्यावेत. मराठीत अशी उदाहरणे हाताशी आहेत.

मालती बेडेकर आणि विश्राम बेडेकर यांचा विवाह १९३८ मध्ये झाला आणि १९३९ मध्ये विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ आली. नवविवाहित मराठी लेखकाच्या या कादंबरीत ना विवाह आहे, ना घर. युरोपातून निघालेली एक बोट आहे, वंशद्वेषाने देशोधडीला लागलेले ज्यू आहेत, चक्रधर आणि हॅर्टा यांची किनाऱ्याला लागताच संपणारी भेट आहे. चरित्रनिष्ठ समीक्षेने या संसाराचा आणि या कादंबरीचा मेळ कसा घालावा? विश्राम बेडेकरांनी संसाराविषयी लिहिले ते बऱ्याच नंतर, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ या १९८४ च्या आत्मचरित्रात. तेव्हा त्यासाठी त्यांनी वेगळा वाङ्मयप्रकार निवडला आणि स्वतःकडे अलिप्तपणे पाहणारी निवेदनरीत घडवली. कोणती गोष्ट कोणत्या रूपात सांगायची याचा विवेक लेखकांना होता. तो त्यांच्या अभ्यासकांना नव्हता.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. धोंडो केशव कर्वे यांच्या घराण्याने कुटुंब ही वस्तू गृहीत धरली नाही. ती अभ्यासाला आणि सुधारणेला घेतली. स्वतः धोंडोपंतांनी विधवेशी विवाह केला आणि स्त्रीशिक्षणाच्या संस्था उभ्या केल्या, र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’मधून संततिनियमनाचा आणि कामजीवनाचा विचार उघडपणे मांडला, सून इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांच्या रचनेवरील आपला ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घरात ‘नाते’ हा जेवणाच्या पाटावरचा व्यवहार होता आणि लिहिण्याच्या टेबलावरचा विषयही होता, अशा घरात जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या बहिणी वाढल्या. दोघी कादंबरीकार झाल्या. थोरल्या बहिणीने आपल्या प्रमुख कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या. ‘टेम्पररी आन्सर्स’ १९७४ ची, ‘अ जॉइंट व्हेंचर’ १९८८ ची. धाकटीने इंग्रजीत कविता लिहिल्यानंतर मराठीत ‘एकेक पान गळावया’, ‘थांग’, ‘दुस्तर हा घाट’ यांसारख्या दीर्घकथा-लघुकादंबऱ्यांची एक स्वतंत्र वाटच पाडली. आईवडील तेच, आजोबा तेच, पुस्तकांची कपाटे तीच. लेखन मात्र भाषेपासून घाटापर्यंत वेगळे. कुटुंब जर कादंबरीचे कारण असते, तर एका कारणाची दोन भिन्न कार्ये कशी झाली?

गौरी देशपांडे यांच्या वाट्याला आलेली समीक्षा पाहिली की जुन्या सवयीचे आयुष्य किती दीर्घ आहे हे कळते. त्यांची नायिका म्हणजे त्याच, आणि नायिकेचे परदेशातील वास्तव्य, स्वातंत्र्य, सुस्थिती म्हणजे लेखिकेचेच जीवन, हे इतक्या वेळा सुचविले गेले की ‘गौरीची नायिका’ हा शब्दप्रयोग पात्राचा आहे की चारित्र्याच्या दाखल्याचा, असा संभ्रम पडावा. याच नायिकेवर ‘ती सामान्य मराठी स्त्रीची प्रतिनिधी नाही’ असाही आक्षेप घेतला गेला. म्हणजे प्रथम कादंबरीला आत्मचरित्र ठरवायचे आणि मग ते आत्मचरित्र प्रातिनिधिक नाही म्हणून कादंबरीला दोष द्यायचा!

कर्वे घराण्याचा खरा ठसा या लेखनाच्या रूपात आहे. गौरी देशपांडे यांच्या लेखनात नात्याची रूढ नावे अपुरी पडतात. पती, मित्र, आई, मुलगी या शब्दांनी जे ठरलेले असते ते नायिका नव्याने ठरवू पाहते आणि प्रत्येक वेळी शब्द कमी पडतो. ‘कारावासातून पत्रे’ या शीर्षकातच पत्राचा आश्रय आहे. पत्र लिहिले जाते ते एका घरात नसलेल्या माणसाला. ज्याच्याशी असलेल्या नात्याला घराने नाव दिलेले नाही त्याला. नात्यांचे वर्गीकरण करणाऱ्या आईची मुलगी वर्गीकरणात न बसणाऱ्या नात्यांसाठी रूप शोधते. अनुभव शाईत उतरला, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. येथे घरात चाललेला एक वैचारिक वाद पुढच्या पिढीने दुसऱ्या वाङ्मयप्रकारात चालू ठेवला आहे. बहिणीनेही तो आपल्या भाषेत, आपल्या जागेवरून चालू ठेवला. दोघींची घरातील जागा एक नव्हती; वयात दहा वर्षांचे अंतर असलेल्या दोन मुली एकाच घरात असूनही एकाच घरात वाढत नाहीत.

५

यावर दोन बाजूंनी हरकत येईल. सौंदर्यवादी परंपरा म्हणेल की हा सगळा खटाटोप अनावश्यक आहे; कलाकृती स्वायत्त असते, मर्ढेकरांनी लय शोधायला सांगितली होती, लेखकाची वंशावळ नव्हे. संरचनावादोत्तर परिभाषेत बोलणारे अभ्यासक याच गोष्टीसाठी रोलाँ बार्थ यांना साक्षीला बोलावतील आणि लेखकाचा मृत्यू १९६० नंतरच्या दशकातच घोषित झाल्याची आठवण करून देतील. परंतु लेखकाला बाहेर काढण्याची ही घाई सर्वांना परवडत नाही. ज्या स्त्रीला लेखक म्हणून मान्यता मिळायलाच अर्धे शतक लागले, तिचा मृत्यू घोषित करून समीक्षेने नेमके काय साधले? आणि लय ही आकाशातून पडत नाही. यमूच्या निवेदनातील उशिराने कळण्याची लय ही घरातील अधिकाराच्या उतरंडीची लय आहे. रूप स्वायत्त असेलही. रूप घडण्याची जागा स्वायत्त नसते.

दुसरी हरकत दलित आत्मकथनांच्या अभ्यासकांची, आणि ती अधिक गंभीर आहे. १९७८ च्या ‘बलुतं’पासून २००३ च्या ‘आयदान’पर्यंतच्या लेखनात कुटुंब ही साक्षच आहे, ती साक्ष नाकारणे म्हणजे अन्याय झाल्याचेच नाकारणे नव्हे काय? हे मान्य केलेच पाहिजे. तेथे लेखकाने वाचकाशी करार केला आहे की हे घडले आहे, आणि त्या कराराचा मान राखणे हे वाचकाचे कर्तव्य आहे. कादंबरीचा करार वेगळा असतो. एका प्रकारातील सत्याचा निकष दुसऱ्या प्रकारावर लादला की दोहोंची हानी होते: कादंबरीकाराकडे पुरावा मागितला जातो, आणि आत्मकथनकाराच्या कारागिरीकडे पाहण्याची गरजच उरत नाही. दया पवार किंवा ऊर्मिला पवार यांनी घरातील कोणत्या जागेवरून सांगितले, कोणाला सांगितले, हा प्रश्न त्यांच्या साक्षीचे बळ कमी करत नाही, वाढवतोच.

६

आता मीरा-भाईंदर. यमूला मुंबईत जे वेगळे बिऱ्हाड मिळाले आणि हिरावले गेले, त्याच्या शोधात मराठी मध्यमवर्ग गिरगावातून दादरला, दादरहून पार्ल्याला, पुढे बोरिवलीला सरकत गेला आणि परवडेनासे झाले तेव्हा दहिसरची सीमा ओलांडून पलीकडे गेला. तेथे वस्ती नव्हती असे नाही. मिठागरे होती, राई-मुर्धे येथील आगरी घरे होती, उत्तनला कोळी ख्रिस्ती कुटुंबे आणि त्यांच्या होड्या होत्या. १९८५ मध्ये नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ८,०९,३७८ वर गेली. लालबाग-परळची खोली विकून आलेले, कोकणातून थेट आलेले, १९९२-९३ च्या दंगलींनंतर सुरक्षिततेसाठी नया नगरात आलेले मुस्लिम, भाईंदरचे गुजराती-राजस्थानी व्यापारी, उत्तर भारतीय, असे सगळे एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले.

या वस्तीतील मराठी कुटुंबाची रचना पाहावी. हे कुटुंब विभक्त आहे, पण वाटणी पुरती झालेली नाही; चाळीतल्या पागडीच्या खोलीचे पैसे कोणा भावाला किती मिळाले, हा हिशेब दोन-दोन पिढ्या चालतो. म्हातारे आईवडील एका घरात राहत नाहीत. ते पाळीपाळीने तीन घरांत राहतात आणि उन्हाळ्यात गावी असतात. घरातील काळ सणवारांपेक्षा विरार गाडीच्या वेळेने मोजला जातो; पहाटे डबा करून निघालेली बाई रात्री परतेपर्यंत घरात काय घडले हे तिला मुलांकडून, शेजारणीकडून, फोनवरून तुकड्यातुकड्यांनी कळते. मुले स्वयंपाकघरात मराठी, जिन्यात हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. माजघर नाही, त्यामुळे दाराआडून ऐकण्याची जागा नाही. पण शेजाऱ्याच्या घरातले भांडण न्हाणीघराच्या झरोक्यातून शब्दशः ऐकू येते.

अशा घरातून येणारी कादंबरी कशी असेल? ती यमूची असणार नाही. कारण येथे सगळे ऐकणारी कोणी एक व्यक्ती घरात नसते. ती पांडुरंगाचीही असणार नाही. कारण परतून जाण्यासारखे गाव फक्त सुटीपुरते उरले आहे. पूर्ण गोष्ट घरातील कोणालाच ठाऊक नाही, प्रत्येकाजवळ एक तुकडा आहे आणि तोही वेगळ्या भाषेत, ही या कुटुंबाची मूलभूत अवस्था आहे. मिखाईल बाख्तिन यांनी ज्याला बहुस्वरता म्हटले ती येथे कादंबरीकाराला सिद्धान्तातून शिकावी लागणार नाही. ती त्याला डब्याबरोबर मिळते.

मराठी समीक्षा मात्र या कादंबरीच्या स्वागताला तयार नाही. तिच्याजवळ ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी आणि महानगरी अशी खाती आहेत. ‘महानगरी’ म्हणताच तिच्या डोळ्यांपुढे जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधील झोपडपट्टी किंवा भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ येतो, आणि ही दोन्ही पुस्तके अनुक्रमे १९६३ व १९६५ मधील आहेत. देशीवादाची तर येथे पंचाईतच होते. माती, गाव, परंपरा यांतून आलेला अनुभव तो अस्सल, असे एकदा ठरवल्यावर मिठागर बुजवून उभ्या राहिलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील अनुभव अस्सल कसा ठरणार? मग तो ‘मध्यमवर्गीय’, ‘मुळे हरवलेला’ म्हणून बाजूला सारला जातो. लेखिकेने लिहिला तर त्याला ‘कौटुंबिक’ असेही विशेषण लागते.

यात नुकसान कोणाचे, हे स्पष्ट आहे. मीरा रोडच्या एखाद्या इमारतीत, रात्री भांडी आवरल्यावर लिहायला बसणाऱ्या बाईला जिन्यातल्या बायका विचारणार की ही गोष्ट कोणाची. ते स्वाभाविक आहे; शेजाऱ्यांचे ते कामच आहे. परंतु विद्यापीठातील अभ्यासकानेही तोच प्रश्न विचारायचा असेल, तर जिना आणि चर्चासत्र यांत फरक काय राहिला? १९३३ मध्ये एका शिक्षिकेला टोपणनाव घ्यावे लागले, याला तेव्हाचा समाज कारणीभूत होता असे म्हणून समीक्षेने हात झटकले. आज कोणाला लेखणी खाली ठेवावी लागली, तर त्याचा जाब समीक्षेलाच द्यावा लागेल. कारण घर हा गुन्हा आणि कादंबरी हा त्याचा पुरावा, ही वाचनाची रीत तिनेच वर्गावर्गांतून शिकवली आहे.

उपाय अगदी साधा आहे आणि पुढच्याच प्रबंधापासून अमलात आणता येईल. ‘जीवन’ हे पहिले प्रकरण काढून शेवटी ठेवावे. आधी कादंबरीत कोण बोलते, कोणाला उद्देशून बोलते, कोणती गोष्ट टाळते आणि काळ कशाने मोजते, हे संहितेवरून सिद्ध करावे. त्यानंतर, आणि त्या प्रश्नांपुरतेच, लेखकाच्या घराचे दार ठोठवावे. पुष्कळदा असे आढळेल की ते प्रकरण लिहिण्याची आवश्यकताच राहिलेली नाही.